जुने स्पीकर पहिल्यांदा घेताना: शोधण्यापासून घरी लावेपर्यंत

घरात गाणी नीट ऐकायची हौस आहे, चांगल्या नव्या जोडीची किंमत ऐकून घाम फुटलाय, आणि कुणीतरी सांगितलंय, "जुने घे, जुन्यात दम असतो." इथवर आलेल्यांसाठी हे लिहितोय. बोलणं फक्त घरगुती स्टीरिओच्या स्पीकरांबद्दल आहे: साधारण १९६५ ते १९९० मधले, लाकडी बॉक्सचे, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागणारे. मंडपातले बॉक्स आणि होम थिएटर हा विषय वेगळा.

जुन्यात दम असतो हे अर्धंच खरं. खरा फायदा असा की स्पीकरमध्ये बिघडण्यासारखं मुळात थोडंच असतं. लोहचुंबक, तांब्याची कॉइल, कोन (पुढे-मागे हलणारा शंकू), कोनाची कड, क्रॉसओव्हरवरचे (आतल्या स्पीकरांत सूर वाटून देणारं सर्किट) दोन-चार कपॅसिटर आणि लाकूड. यातलं काय गेलंय ते विकणाऱ्याच्या घरी अर्ध्या तासात कळतं. तेवढा वेळ आणि अ‍ॅम्प लावून ऐकायची मुभा मिळत नसेल, तर माल कितीही देखणा असो, परत फिरा.

१. आधी आपला अ‍ॅम्प आणि आपली खोली

अ‍ॅम्पच्या पाठीमागे, स्पीकरच्या वायरी लावायच्या जागी, ओहमचा आकडा छापलेला असतो. स्पीकरच्या मागच्या पट्टीवरही असतो. अ‍ॅम्पला चालतो त्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर जोडला की अ‍ॅम्प तापतो, आणि जुना असेल तर कायमचा बसतो. एआर-३ए हा नावाजलेला अमेरिकन स्पीकर ४ ओहमचा आहे. ८ ओहम धरून बनवलेल्या छोट्या अ‍ॅम्पला तो झेपत नाही.

दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा: १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. यात ३ डेसिबल कमी झाले की तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट लागतात. बीबीसीने बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी सत्तरच्या दशकात तयार करवून घेतलेला एलएस३/५ए घ्या. बोलण्याचा आणि गाण्याचा आवाज त्यावर अप्रतिम येतो, पण सेन्सिटिव्हिटी ८२.५ डेसिबल. ९१ डेसिबलच्या बॉक्सला जिथे ५ वॅट पुरतात तिथे याला ३५ लागतात. घरात दहा-बारा वॅटचा जुना अ‍ॅम्प असेल तर असा स्पीकर मिळाला तरी सोडून द्या.

"माझा अ‍ॅम्प लहान आहे, म्हणजे स्पीकर सुरक्षित," असं बरेच जण धरून चालतात. उलट आहे. लहान अ‍ॅम्प शेवटपर्यंत पिळला की आवाज फाटतो, आणि त्या फाटलेल्या आवाजात ट्वीटर, म्हणजे वरचे बारीक सूर वाजवणारे छोटे स्पीकर, जळतात. आणि पीएमपीओचा (जाहिरातीसाठी फुगवलेल्या वॅटचा) आकडा दिसला तर तो वाचूच नका, त्याचा खऱ्या वॅटशी काही संबंध नसतो.

खोली दहा बाय बाराची असेल तर बारा इंची वूफरचे (खालचे जाड सूर वाजवणारा मोठा स्पीकर) उंच बॉक्स कोपऱ्यात कोंबून आवाज नुसता घुमतो. साडेसहा ते आठ इंची वूफर पुरे. मापाची टेप घेऊन बॉक्स कुठे बसतील ते आजच बघून ठेवा. घरच्यांची परवानगीही याच टप्प्यावर घेतलेली बरी.

२. काय शोधायचं

पहिल्या खरेदीला माझं मत सरळ आहे: दुपदरी, म्हणजे एक वूफर आणि एक ट्वीटर असलेला, मध्यम आकाराचा बॉक्स. तपासायला सोपा आणि दुरुस्तीला स्वस्त. वॉर्फडेल, सेलेस्टियन, केईएफ या इंग्लिश कंपन्यांचे असे बॉक्स अधूनमधून निघतात. सेलेस्टियन डिटन १५ मध्ये वूफरखाली दुसरा वूफर दिसतो. तो वूफर नसून बिनकॉइलची तबकडी आहे, वूफरच्या हवेवर हलते. माहीत नसेल तर "खालचा स्पीकर बंद आहे" म्हणून भाव पाडायला जाल आणि हसं होईल.

आपल्याकडे जपानी माल जास्त सापडतो. ऐंशी-नव्वदच्या दशकांत आखाती देशांत नोकरीला गेलेली माणसं सान्सुई, पायोनियर, केनवुड घेऊन परतली, त्यामुळे कोकणातल्या घरांत आणि मुंबईच्या जुन्या इमारतींत हे बॉक्स अजून आहेत. सान्सुईच्या एसपी मालिकेची लाकडी नक्षीची जाळी पाहून माणूस जागीच विरघळतो. आत चार-पाच स्पीकर असतात, पण स्पीकरांची संख्या वाढली की आवाज सुधारतो असं नाही. दिवाणखान्याची शोभा म्हणून घ्यायचे असतील तर खुशाल घ्या, फक्त भाव शोभेचा देऊ नका.

भारतीय बनावटीत कॉस्मिक आणि कोलकात्याची सोनोडाइन ही नावं लक्षात ठेवा. भाव कमी असतो आणि मेकॅनिकांच्या हाताखालून गेलेला माल असल्याने दुरुस्तीला नाही म्हणत नाहीत.

नवख्याने लांब राहावं अशा गोष्टीही आहेत. यामाहा एनएस-१००० चे मिडरेंज (मधल्या सुरांचे स्पीकर) आणि ट्वीटर यांचे घुमट बेरिलियम धातूचे आहेत. एक घुमट फुटला तर नवा कुठून आणणार? बोस ९०१ मध्ये एकेका बॉक्सात नऊ स्पीकर असतात आणि त्याला स्वतःचा इक्वलायझर (सूर कमी-जास्त करणारा वेगळा डबा) लागतोच. तो हरवलेला असेल तर बॉक्सांना अर्थ नाही. असला तरी तो त्याच मालिकेचा हवा, शिवाय अमेरिकेतून आलेला असेल तर १२० व्होल्टचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या प्लगात लावला की धूर. नव्वदच्या दशकातल्या कंपोनंट सिस्टीमचे हलके प्लॅस्टिक तोंडाचे बॉक्स हल्ली "व्हिंटेज" म्हणून विकायला ठेवतात. ते नुसते जुने आहेत.

३. कुठे शोधायचं

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि चोरबाजाराची मटन स्ट्रीट. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार. इथे हिंडण्याचा उपयोग डोळा तयार व्हायला जास्त होतो. जुन्या बाजारात बॉक्स उन्हात, जमिनीवर, बिनविजेचे पडलेले असतात, आणि न ऐकता स्पीकर घेणं म्हणजे लॉटरी.

चांगला माल मिळतो तो घरातून. पुनर्विकासाला गेलेल्या इमारतीतलं बिऱ्हाड, आजोबांची हौस सांभाळायला कुणी नाही असं घर, मुलांकडे परदेशी निघालेलं जोडपं. ओएलएक्ससारख्या साइटवर यांच्या जाहिराती असतात, पण त्याआधी ओळखीत सांगून ठेवा. माळ्यावर बॉक्स पडून असलेलं एखादं घर तुमच्याही नात्यात निघेल.

४. जाण्याआधी फोनवर

"चालू आहे का?" हा प्रश्न फुकट आहे, कारण उत्तर "एकदम ओके" असंच येतं. त्याऐवजी हे विचारा:

- जाळी काढून समोरचे फोटो पाठवाल का? मागच्या पट्टीचे, नंबर वाचता येईल असे?
- दोन्ही बॉक्स पहिल्यापासून एकत्रच आहेत का?
- स्पीकर कधी उघडलेत का, काही बदललंय का?
- शेवटचं गाणं कधी वाजलं? अ‍ॅम्प आहे का, की मी आणू?

जाळी काढायला टाळाटाळ होत असेल तर जाळीमागे काहीतरी आहे, असं समजून चला. काही मॉडेलची जाळी खरोखरच निघत नाही, ते आधी शोधून घ्या म्हणजे उगाच माणसावर संशय नको.

५. पिशवीत काय न्यायचं

- मल्टिमीटर, साधा चालतो
- टॉर्च
- दीड व्होल्टचा सेल आणि वायरीचे दोन तुकडे
- स्टार आणि चपटा स्क्रूड्रायव्हर, ॲलन की
- लहान अ‍ॅम्प, वायरी, फोन जोडायची केबल
- फोनमध्ये गाणी, आणि ठरावीक हर्ट्झचा सूर वाजवणारं एखादं ॲप
- पुठ्ठ्याची नळी, ॲल्युमिनियम फॉइलच्या गुंडाळीतून निघते तीच

६. तपासणी

घाई करू नका. चहा आला तर घ्या, पण बॉक्स उघड्यावर येईपर्यंत भावाचं बोलू नका.

लाकूड. बॉक्स आडवा करून तळ बघा. जुने बॉक्स बहुतेक चिपबोर्डचे, वरून विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ थर. फरशी पुसताना पाणी लागून किंवा पावसाळ्यातल्या ओलीने खालची कड फुगलेली असेल तर ती परत बसत नाही. टिचकी मारत सगळीकडे फिरा. मध्येच पोकळ वाजलं तर वाळवी असू शकते. समोर भोक असेल तर टॉर्चने आत बघा. झुरळांची अंडी, उंदराने ओढून नेलेला कापूस, सगळं पाहिलंय. कुबट वास येत असेल तर कागदी कोनाच्या मागच्या बाजूला बुरशी असण्याची शक्यता आहे.

कड. कोनाच्या भोवती जी लवचीक वळी असते ती फोमची, रबराची किंवा कापडाची असते. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या असंख्य वूफरांना फोम आहे, आणि फोम वापर नसला तरी सडतो. आपल्या दमट हवेत लवकरच. बोटाच्या पेराने हलकेच दाबा. चांगला असेल तर लगेच वर येतो. गेलेला फोम बोटाला चिकट काळा लागतो, किंवा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तुटून येतो. फोम गेलेला असला तर नाही म्हणायची गरज नाही, तो बदलता येतो. पण "थोडं काम आहे" आणि "चालू कंडिशन" यांच्या भावात जो फरक असतो तो तुमचा. कापडी कड मात्र पन्नास वर्षांनीही धडधाकट सापडते.

कॉइल. सगळ्यांत मोलाची चाचणी ही, आणि तिला वीज लागत नाही. मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर, दोन्ही हातांची बोटं टेकवा. सारखा दाब देऊन कोन दोन-तीन मिलिमीटर आत ढकला, सोडा. कान जवळ न्या. काहीच ऐकू आलं नाही पाहिजे. खरखर, घासल्यासारखा आवाज आला तर कॉइल जळून फुगली आहे किंवा चुंबक सरकलंय. एका बाजूने दाबलं तर चांगला वूफरही घासतो, म्हणून दोन हात. पूर्ण बंद बॉक्स असेल तर दाबलेला कोन सावकाश परत येतो. झटकन आला तर कुठून तरी हवा गळतेय. ट्वीटरच्या घुमटाला बोट लावू नका, तिथे पडलेला खड्डा निघत नाही.

मल्टिमीटर. मागच्या दोन टोकांना लावा. ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमचा तीन ते साडेतीन. आठ नाही आले म्हणून दचकू नका. दोन्ही बॉक्सांचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. एक ६.२ आणि दुसरा ४ असेल तर एका वूफरमध्ये कुणीतरी हात घातलाय. काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटलीय किंवा वायर सुटलीय. आणि हे लक्षात असू द्या की मागून फक्त वूफर मोजला जातो. ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो, तो मीटरला पुढे जाऊ देत नाही. ट्वीटर मेलेला असूनही मीटर खूश असतो.

सेल. दीड व्होल्टचा सेल, प्लस लाल टोकाला, क्षणभर टेकवून काढा. टप्प आवाज येऊन कोन बाहेर उडी मारतो. दोन्ही बॉक्सांत एकाच दिशेने जायला हवा. जुन्या जेबीएलचे वूफर मुळातच उलटे, आत जातात. दोन्ही आत गेले तर बिघाड समजू नका.

ऐकणं. आवाज बारीक ठेवून बॅलन्स पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. गाणं तेच. एक बाजू मंद वाटली तर अ‍ॅम्पच्या मागे वायरी अदलाबदल करा. मंदपणा बॉक्सबरोबर गेला तर दोष बॉक्सचा, जागच्या जागी राहिला तर अ‍ॅम्पचा. आता पुठ्ठ्याची नळी कानाला लावून तिचं दुसरं तोंड एकेका स्पीकरसमोर धरा. नुसतं समोर बसून ऐकलं तर मेलेला ट्वीटर सहज निसटतो, नळीतून निसटत नाही. यासाठी टाळांचं भजन उत्तम: टाळांचा किणकिणाट दोन्ही ट्वीटरांत सारखा यायला हवा. वूफरला तबल्याचा डग्गा द्या, घुमारा गोल आहे की फडफडतोय ते ऐका. तानपुरा दोन्ही बाजूंनी वेगळा लागला तर कुठेतरी कपॅसिटर ढळलाय. मग ॲपवर ४० हर्ट्झपासून २०० पर्यंत सूर हळूहळू चढवत न्या. मध्येच कुठे झणझण झाली तर ती जाळीची, सैल स्क्रूची की कोनाची, ते हात लावून शोधा. पन्नाशी ओलांडली असेल तर बरोबर एखादा विशीतला पोरगा न्या. वरचे सूर आपल्याला ऐकूच येत नाहीत, हे मान्य करायला जड जातं.

मागे किंवा समोर ट्वीटर-मिडरेंजची बटणं असतील तर ती वर्षानुवर्षं एका जागी राहून गंजतात. फिरवताना खरखर होते, कधी ट्वीटर गायबच होतो. दहा-वीस वेळा इकडून तिकडे फिरवून बघा. बऱ्याचदा "मेलेला" ट्वीटर इथेच जिवंत होतो. घरी आणल्यावर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

शेवटी, मालकाला विचारून, एक-एक वूफर उघडा. सगळ्यांत मोठी फसवणूक इथे पकडली जाते: बॉक्स मूळचा, जाळी मूळची, बिल्लाही मूळचा, आणि आत भलताच बाजारू वूफर. चुंबकामागचा छाप, नंबर, चौकट दोन्हीकडे सारखी हवी. स्क्रूच्या डोक्यावर ताजे ओरखडे असतील तर आधी कुणीतरी येऊन गेलंय. तसं विचारा. खरं उत्तर मिळालं तर व्यवहार पुढे न्यायला हरकत नाही.

७. भाव

जे सापडलं ते मोठ्याने, शांतपणे सांगा आणि मग आकडा बोला. तुमच्या पैशातला एक तृतीयांश भाग दुरुस्तीसाठी बाजूला ठेवूनच घराबाहेर पडा.

फोम बदलणं आणि रिकोनिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोम बदलताना मूळ कोन आणि कॉइल तशीच राहते, आवाजही बराचसा तोच राहतो. रिकोनिंगमध्ये कोन-कॉइल दोन्ही नवीन, म्हणजे नाव जुनं आणि आवाज मेकॅनिकचा. काही मेकॅनिक सरळ रिकोनिंगच सुचवतात, कारण त्यांना ते सोपं जातं. कॉइल घासत नसेल तर फक्त फोम सांगा, दोन्ही वूफरांचा एकदम, त्या मॉडेलच्या मापाचा. फोमच्या जागी रेक्झिन किंवा जाड कापड चिकटवून देणारेही भेटतात. कोन आखडतो आणि बेस पळतो.

घासणारा वूफर, मेलेला ट्वीटर ज्याचा जोडीदार मिळत नाही, फुगलेला तळ: यातलं एक असलं तर भाव पाडायचा, दोन असले तर निघायचं.

८. पैसे आणि कागद

न बघता टोकन देऊ नका. "मी लष्करात आहे, बदली झालीय, ट्रान्सपोर्टने पाठवतो, आधी थोडे टाका" ही थाप इतकी जुनी झालीय तरी अजून चालते. पैसे बॉक्स गाडीत चढताना द्या.

मूळ बिल चाळीस वर्षांनी कुणाकडे नसतं, ते मागत बसू नका. साध्या कागदावर पावती घ्या: विकणाऱ्याचं नाव, सही, तारीख, मॉडेल, दोन्ही बॉक्सांचे नंबर, रक्कम. बाजारातून घेतलं तर ही पावती जास्तच महत्त्वाची, कारण माल चोरीचा निघाला तर तो कुठून आला ते दाखवायला हाच कागद असतो. मोठ्या सोसायटीत सामान बाहेर न्यायला गेट पास लागतो. तो मालकाला आधीच काढून ठेवायला सांगा, नाहीतर वॉचमन बॉक्स अडवून ठेवेल.

९. आणताना

कुरिअर नको. चुंबक जड असतं, बॉक्स एकदा आपटला की ते सरकतं आणि कॉइल जागीच अडकते. स्वतःच्या गाडीत किंवा टेम्पोत, उभे, तोंडाला तोंड, मध्ये जाड गोधडी. जाळ्या काढून वेगळ्या ठेवा. सत्तरच्या दशकातल्या जेबीएल एल१०० सारख्या बॉक्सांची जाळीच फोमची असते, धरताक्षणी हातात भुगा येतो.

१०. घरी आल्यावर

भिंतीपासून हातभर पुढे, कानाच्या उंचीला ट्वीटर, आणि तुम्ही बसता तिथून दोन्ही बॉक्स सारख्या अंतरावर. बेस पोकळ वाटला तर वायरी बघा: एका बॉक्सच्या प्लस-मायनसची अदलाबदल झाली की डग्गा अंग चोरतो आणि गायकाचा आवाज मधोमध येण्याऐवजी खोलीभर पसरतो.

कपॅसिटर बदलायची घाई करू नका. सगळे तेच सांगतील, पण दोन-तीन महिने आहे तसं ऐका. दोन्ही बाजू सारख्या वाजत असतील तर हात लावायचं कारण नाही. बदलायचेच झाले तर मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवा, दोन्ही बॉक्सांत एकदम बदला, आणि सोल्डरचे डाग काढायच्या आधी क्रॉसओव्हरचा वरून एक स्वच्छ फोटो घ्या. काढलेले कपॅसिटर पाकिटात घालून, वर नाव लिहून, बॉक्सच्याच आत चिकटवून ठेवा. पुढे विकायची वेळ आली तर घेणारा तेच आधी विचारतो.